अर्पिताची झोप

केदारखेड्यात उषाबाईंच्या झोपेची ख्याती होती, म्हणजे खरे तर त्यांच्या न झोपण्याची. सगळ्यांच्या नंतर त्या अंथरुणाला पाठ टेकत आणि सगळ्यांच्या आधी उठत. उठल्या की त्यांचे डोळे निवळलेल्या पाण्यासारखे स्वच्छ असत. दिवसभर वावरात वाकूनही त्यांच्या चेहऱ्यावर थकव्याची रेघ उमटत नसे. त्यांचा देहच तसा घडला होता. पण उंच माणसाला आपली उंची ही आपलीच कमाई वाटू लागावी, तसे त्यांचे झाले होते.

त्यांची सून अर्पिता झोपेला हळवी. परतूरला माहेरी असताना ती अंगणात ऊन आल्यावर उठे आणि मग सांजेपर्यंत तिचे हात थांबत नसत. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिच्या डोळ्यांखालचा काळिमा कधी पुसला गेला नाही. कारण या घराचा एक दंडक होता. गल्लीतला पहिला सडा आपल्या अंगणात पडला पाहिजे आणि तो सुनेनेच टाकला पाहिजे. समोरच्या मालनबाईंची बादली आधी वाजली, तर उषाबाईंना सबंध दिवस हरल्यासारखा वाटे. म्हणून भल्या पहाटे त्या सुनेच्या खोलीच्या पत्र्याच्या दारावर लोखंडी बत्त्याने ठोकत.

त्या आवाजाने अर्पिताचा नवरा आदिनाथही जागा होई आणि डोळे मिटून पडून राही. शेजारी ती उठून बसे, भिंतीला डोके टेकवी, आणि क्षणभर पुन्हा झोपेत बुडू पाहणाऱ्या तिच्या देहाला दुसरा ठोका वर ओढी. आदिनाथला राग येई. पण त्याचा राग त्याच्यासारखाच बुजरा होता. ओठांपर्यंत येऊन माघारी फिरे. वडील कडूबा जेवून ओट्यावर दुपारभर घोरत, त्याला घरात आराम म्हणत. अर्पिता भांडी घासता घासता पेंगली, तर तो आळस. हे सारे त्याला दिसत होते.

यंदा या घराने एका बियाणे कंपनीसाठी कापसाचा प्लॉट घेतला होता. काम मोठे नाजूक. दुपारनंतर मादीच्या झाडावरची, उद्या उमलणारी कळी नखाने सोलायची, आतले केसर एकूण एक काढायचे, आणि सकाळी तिच्यावर नराच्या फुलाचा पराग लावायचा. थोडे जरी केसर आत राहिले, तरी बोंड धरते, टपोरेही होते. पण त्यातले बी खोटे निघते. घरातल्या प्रत्येकाला आपली ओळ वाटून दिलेली होती.

त्या सकाळी कंपनीचा माणूस संघपाल आला आणि कालच्या कळ्या तपासत एका ओळीत थबकला.

"ही ओळ कोणाची?"

"आमच्या महाराणीची," उषाबाई पलीकडून म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाची असणार?"

संघपालने एक कळी आदिनाथच्या तळहातावर ठेवली. "बघा, अर्धं केसर तसंच हाय. ही पण, ती पण. आदिनाथराव, या ओळीत आधी धरलेली बोंडं पण आजच्या आज तोडून टाका. पुन्हा असं दिसलं तर अख्खा प्लॉट रद्द होईन. मंग माझ्या हातात काही न्हाई." तो पुढच्या वावराकडे निघून गेला.

"ऐकलं का, अर्पे?" उषाबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "वर्षाची मेहनत मातीत घालून राह्यली तू. आणखी किती झोपलीस म्हणजे जीव भरन तुझा?"

"आत्याबाई, मला दिसतच न्हव्हतं. एकाच्या जागी दोन कळ्या दिसून राह्यल्या होत्या."

"डोळे उघडे ठेवले की बराबर दिसतं. मी काय वेगळ्या मातीची हाय का? माझ्या ओळीतली एक तरी कळी खराब काढून दाखव!"

ते मात्र खरे होते. त्यांच्या ओळीत खोट शोधून सापडली नसती. खोटे बोलणाऱ्यावर माणसाला सरळ रागावता येते. उषाबाई खरे बोलत होत्या, फक्त ते खरे त्यांच्या एकटीच्या देहापुरते होते. आदिनाथच्या कानशिलात रक्त ठोके देऊ लागले. अर्पिता हिरवी बोंडे तोडू लागली. तोही तिच्यासोबत वाकला. दिवस कलेपर्यंत ओळ ओकीबोकी झाली. तेवढ्या वेळात तिने एकदाही त्याच्याकडे पाहिले नाही.

दुसऱ्या पहाटे पहिला ठोका पडताच आदिनाथने दार उघडले, बाहेर येऊन ते मागे ओढून घेतले आणि आईच्या हातातला बत्ता काढून घेतला.

"आज ती उठणार न्हाई."

"मंग सडा कोण टाकीन? तुझा बाप?"

"मी टाकतो."

उषाबाई हसल्या. तोवर त्याने बादलीत शेण कालवले होते, तेही अर्धवट. पहिला हबका भिंतीवर बसला, दुसरा आईच्या लुगड्यावर. त्याच्या हातांत कौशल्य नव्हते, नुसता संताप होता. समोर मालनबाई बादली घेऊन बाहेर आल्या आणि थिजल्या.

"अगं बाई, उषा! तुमच्याकडं आता बाप्ये सडा टाकून राह्यले का?"

"बघ! काढली अब्रू!" उषाबाई कडाडल्या. "अहो, उठा, बघा तुमच्या लेकाचे दिवे!"

कडूबा ओट्यावर उठून बसले. "आद्या, ठेव ती बादली. लोक काय म्हणतीन?"

"म्हणू द्या! मुरमाड वावराला अन् गाळाच्या वावराला एकसारखं पाणी देता का तुम्ही? न्हाई ना? मंग झोपच कशी सगळ्यांना एका मापाची?"

"माणूस म्हणजे वावर असतं का रं?"

"वावराची तरी तुम्ही कदर करता!" तो ओरडला. आपला आवाज एवढा मोठा आहे हे त्याला आयुष्यात प्रथमच कळत होते, आणि ते त्याला आवडत होते. "ह्या घरात माणसाची कोणाला..."

मागे पत्र्याचे दार करकरले. अर्पिता चौकटीत उभी होती, केस विस्कटलेले, डोळे लाल.

"कोण मेलं?"

"कोणी न्हाई. तू झोप," आदिनाथ म्हणाला, शेणाने माखलेली बादली हातात धरून.

"झोपू? ह्या बोंबलण्यात?" तिने अंगणाकडे पाहिले, मग त्याच्याकडे. "आज एक दिवस सडा टाकला म्हणून तुमच्या पाया पडू का मी? रोज दार वाजायचं तवा तुम्ही जागेच असायचे. तुमचा श्वास बदलायचा. मला काय कळत न्हव्हतं?"

त्याने बादली खाली ठेवली.

"नवऱ्याशी बोलायची ही रीत..." उषाबाईंनी सुरुवात केली.

"आत्याबाई, कळ्या मी सोलीन. तुमच्यासारख्याच सोलीन. पण मी कवा उठायचं, ते आता दार वाजवून कोणी सांगायचं न्हाई." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो अधिक लागला.

तिने दार लावून घेतले आणि आतून कडी घातली. समोर मालनबाईंच्या अंगणात सडा सपसप पडू लागला. उषाबाई तरातरा दाराकडे निघाल्या. आदिनाथ आडवा झाला, आईचे मनगट त्याने हवेतच धरले.

"हात लावू नको दाराला."

आईने मनगट सोडवून घेतले नाही. ती नुसती त्याच्याकडे जळजळीत पाहत राहिली. उजाडू लागले. आतून कुठलाच आवाज येत नव्हता. त्याच्या चपला, त्याचा सदरा, त्याचे अर्धे अंथरूण त्या कडीच्या पलीकडे होते, आणि तो अलीकडे होता, आईबापांच्या बाजूला, अनवाणी.