क्रांतीची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. नेरूळच्या एका सार्वजनिक वाचनालयात, वाचन कक्षाच्या खिडकीजवळ वेताच्या बैठकीची जुनी खुर्ची असते ना, तीच मी. माझा स्वभाव आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं तुम्हाला नवल वाटायला नको. मी जळकी आहे.

जन्मतः नव्हते हो. सागाच्या लाकडाला कसला आलाय मत्सर! सुताराने मला घडवलं, कारागिराने बोटं लाल होईतो वेत ओढून माझी बैठक विणली आणि मी बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत गेले. तिथले हेडक्लार्क जेवण झालं की माझ्या पाठीला डोकं टेकून डुलकी काढायचे. ते माझे आणि मी त्यांची, असं मी धरूनच चालले होते. मग एक दिवस चाकांच्या, गोल फिरणाऱ्या काळ्या खुर्च्या आल्या. साहेबांनी एकीवर बसून लहान पोरासारखी गिरकी घेतली. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. त्या दिवशी माझ्या आत पहिल्यांदा काहीतरी करपलं.

वाचनालयात आले तेव्हा ठरवलं, आता कुणाला जीव लावायचा नाही. आणि इथं तसं सोपं होतं. कुणी पेपर चाळायला बसायचं, कुणी पंख्याखाली नुसतंच.

मग क्रांती आली.

सहावीत होती तेव्हा. शाळा सुटली की थेट इथं यायची. घर दोन खोल्यांचं, त्यात सात माणसं. अभ्यासाला जागा कुठून असणार? चपला खाली काढून, पाय दुमडून ती माझ्यावर बसायची. तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते, ते हळूहळू पोचायला लागले. दुसरं कुणी बसलं असेल तर ती समोर उभी राहून अशी बघायची, की माणूस आपणहून उठायचा. मला त्याचा केवढा अभिमान! वाचनालयाचे शिपाई दादू जवळच्याच करावे गावचे. ते नव्या माणसाला हसत सांगायचे, "तिथं नको बसू भाऊ. ती क्रांतीची खुर्ची हाय."

यंदा ती दहावीत जाणार होती. मे महिन्यात ग्रंथपाल सुनयना मॅडमनी दारावर कागद लावला : मुलामुलींसाठी लेखन आणि चित्रकलेचं उन्हाळी शिबिर. क्रांतीने नाव दिलं. मला वाटलं, बरंच झालं, आता दिवसभर माझ्याकडे.

पण शिबिर भरलं शेजारच्या हॉलमध्ये. खाली सतरंजी अंथरून! मधलं दार उघडं असायचं. मला सगळं दिसायचं, ऐकू यायचं. पोरं पोटावर लोळून चित्रं काढत होती, रंगांनी हात बरबटवत होती, आणि माझी क्रांती त्या फाटक्या निळ्या सतरंजीवर मांडी घालून खुशाल बसली होती. सतरंजीत असं काय होतं? तिला धड पाठ नाही, हात नाहीत.

सतरंजी तरी परवडली. तिथं अक्षता होती.

अक्षता पाम बीच रोडच्या टॉवरमधली, क्रांतीच्याच वयाची. केस बारीक कापलेले, बोलणं हळू. पहिल्याच दिवशी ती क्रांतीशेजारी बसली आणि दोघींचे डबे एकत्र उघडले गेले. क्रांती तिला घरच्या गमती सांगायची, अक्षता गुडघ्यांवर हनुवटी टेकून ऐकायची. इतकी वर्षं माझ्यावर बसून ही मुलगी गप्प वाचत होती आणि तिच्याजवळ मात्र तोंड मिटत नव्हतं!

शिबिर घेणारे प्रणय सर तरुण होते. त्यांनी मुलांना लिहायला सांगितलं : माझ्या घरातला एक आवाज. समारोपाला आईवडिलांसमोर वाचायचं होतं.

क्रांतीने लिहिलं गॅलरीतल्या विंडचाइमवर. तिच्याकडे गॅलरीही नाही आणि विंडचाइमही. सर म्हणाले, "छान आहे," आणि पुढच्या मुलाकडे वळले. मग अक्षताने वाचलं. घरात तिघं जण, तिघांच्या कानात हेडफोन, आणि जेवायला हाक मारायची तर आई मेसेज टाकते; म्हणून आमच्या घरातला आवाज म्हणजे मेसेजची टिंग. हॉल एकदम गप्प झाला. सरांनी तिला ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

मी क्रांतीचा चेहरा पाहिला. तो रंग मला चांगलाच ओळखीचा होता.

दुसऱ्या दिवशी ती हॉलमध्ये गेलीच नाही. सरळ आली आणि माझ्यावर बसली. सुनयना मॅडमनी विचारलं, "क्रांती, शिबिर?"

"सोडलं मॅडम. टेन्शन येतं. दहावीचं वर्ष आहे ना."

मॅडमनी तिच्याकडे नीट बघितलं. "खरं सांग."

"तिचं दुःखपण माझ्यापेक्षा भारी आहे मॅडम," क्रांती पुटपुटली आणि तिने पुस्तकात तोंड खुपसलं. मॅडम आपल्या टेबलाकडे गेल्या. पोरगी रडत होती. तिचे अश्रू माझ्या हातावर पडत होते, आणि मी मात्र आनंदात होते. आली ना परत! सुखाचं काय करायचंय, जवळ असली म्हणजे झालं.

असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी अक्षता दारातून आत आली.

"येणार नाहीस?"

"माझ्याकडे लिहायला काही नाही."

"खोटं बोलतेस." अक्षताचा हळू आवाज पहिल्यांदाच चढला. "तू डबा खाताना सांगितलंस ना, तुझा भाऊ झोपेत बडबडतो आणि तुझी आजी झोपेतच त्याला उत्तरं देते. मला इतका राग आला तुझा! मी घरी जाऊन ते लिहायला घेतलं. माझं म्हणून."

क्रांती ताडकन उठली. "माझ्या घरचं? तू चोरलंस?"

"फाडून टाकलं. पुढं काय होतं तेच मला माहीत नव्हतं. आमच्याकडे झोपेत कुणी बोललं तरी ऐकणार कोण? प्रत्येकाचं दार बंद."

क्रांती तशीच उभी राहिली. अक्षताही थकल्यासारखी झाली आणि न बघता मागं सरून रिकाम्या खुर्चीवर टेकली. म्हणजे माझ्यावर.

वेत जुना झाला होता, मधून केव्हाचा उसवत होता. कडकड वाजलं आणि अक्षता दुमडून थेट माझ्या चौकटीत अडकली, पाय वर, हात वर, घाबरून "आई गं!"

क्रांती आधी दचकली. मग हसायला लागली. थांबेचना. तिने अक्षताचे हात धरून ओढलं, तर मीच सोबत उचलले गेले. मग अक्षतालाही हसू फुटलं. दादू धावत आले, त्यांनी मला धरलं तेव्हा कुठे ती सुटली. दोघी डोळे पुसत हॉलमध्ये निघून गेल्या. मी मधोमध फाटून तशीच उभी.

"हिचा वेत गेला मॅडम," दादू म्हणाले. "आता हिच्यावर कोन बसनार? जिन्याखाली ठेवतो."

जिन्याखाली झाडू होते, तुटका पंखा होता. तिथून काही दिसत नव्हतं. फक्त हसणं ऐकू यायचं, आणि त्यात तिचं कुठलं हे मी बरोबर ओळखायची.

समारोपाला गर्दी झाली. खुर्च्या कमी पडल्या म्हणून दादूंनी मला बाहेर काढलं, माझ्यावर एक फळी टाकली आणि शेवटच्या रांगेत ठेवलं. एक म्हाताऱ्या बाई येऊन बसल्या. परभणीकडचं लुगडं, डोक्यावर पदर. शेजारचा लहान मुलगा त्यांना "आजी" म्हणत होता. त्या क्रांतीच्या आजी भिमाबाई होत्या आणि मुलगा तिचा भाऊ संघर्ष.

क्रांती पुढं आली. तिने वाचलं :

"संघर्ष झोपेत विचारतो, माझी बॅट कुठंय? आजी झोपेतच सांगते, मोरीत हाय, गप पड. मग तो गप पडतो. सकाळी दोघांनाही काही आठवत नाही. बॅट मोरीत नसतेच. मला पूर्वी या आवाजाचा वैताग यायचा. पण आमच्या घरात झोपेतसुद्धा कुणाला एकट्याने बोलावं लागत नाही."

आधी हशा उठला आणि मग टाळ्या. अक्षता सगळ्यांत जोरात वाजवत होती, मी बघितलं.

"म्या झोपंत बोलते?" भिमाबाई संघर्षला विचारत होत्या. "कुनी सांगितलंच न्हाई की मला आजवर!" त्या पदर तोंडाशी धरून हसत होत्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. बाहेरच्यांना दिसलं नसेल, पण त्यांनी माझे हात घट्ट धरले होते.

मी शेवटपर्यंत वाट पाहिली, की कुठेतरी माझं नाव येईल. एखादं वाक्य. नाही आलं. तेही झोंबलं, का नाही झोंबणार?

आता मी पुन्हा खिडकीजवळ आहे, फळीसकट. फळी टोचते म्हणून कुणी फार वेळ बसत नाही. दोघी शनिवारी येतात. परवा बराच वेळ जवळ उभ्या होत्या. क्रांतीचा हात माझ्या पाठीवर होता, बोलणं मात्र सगळं अक्षताशी. सुनयना मॅडम दादूंना म्हणत होत्या, वेत विणणारा कुणी मिळतो का बघा.

मिळू दे बाई. मग पोरींनो, तुम्ही दोघीही या. भांडू नका, आळीपाळीनं बसा. माझी काही हरकत नाही.

पण आधी क्रांती.