पन्नाशीचा पेशंट

हॉस्पिटलातल्या लांबलचक बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या टकल्या गृहस्थांना, तुमच्या मुलाला आत घेतलं का, असं विचारायला ती मास्क लावलेल्या आपल्या मुलाला बसवून निघाली, तर त्यांनी हात वर करून तिला वाटेतच थांबवलं.

"लांबच थांबा, ताई. तुमच्या मुलाला माझाच आजार दिसतोय. माझ्या छातीतले जंतू त्याला बाधतील."

तिला काही कळेना. मुलाला घेऊनच आलात ना, असं तिने पुन्हा विचारलं.

"मुलगा कुठला? पेशंट मीच. पन्नाशी ओलांडली आता."

ती होती तिथेच उभी राहिली.

तिचा राजा पाच महिन्यांचा असताना, पापी घेतली की त्याचं कपाळ मिठासारखं खारट का लागतं, म्हणून ती त्याला दाखवायला घेऊन गेली होती. मुलांच्या डॉक्टरांनी सिस्टिक फायब्रोसिस असं नाव सांगितलं. छातीत चिकट कफ साठत राहतो, अन्न अंगी लागत नाही. किती जगेल, तर दहा-बारा वर्षं. त्यानंतर तिने तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. पुढे औषधं सुधारली, राजाने बारा ओलांडली, त्याला मिसरूड फुटलं. डॉक्टरांना वाटलं, आता ही मुलं मोठी होतात हे हिला कळलंच असेल, आणि हिला वाटायचं, विचारायला जावं आणि हातचंही जावं. एकाचे जंतू दुसऱ्याला लागू नयेत म्हणून या आजाराच्या मुलांना एकमेकांपासून दूरच ठेवतात, त्यामुळे राजासारखं दुसरं कोणी तिने आजवर पाहिलंच नव्हतं. आता तो अठरा वर्षांचा झाला म्हणून त्याला मुलांच्या विभागातून मोठ्यांच्या विभागात पाठवलं, तर इथे हा माणूस.

गृहस्थ गप्पिष्ट निघाले. गुडघा दाखवायला आले होते. "या आजारात पुढे गुडघे धरतात हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. सांगणार कोण? तिथवर कोणी पोचलंच नव्हतं," असं म्हणून स्वतःच हसले आणि हसता हसता तोंड फिरवून बराच वेळ खोकत राहिले.

तिला हसू आलं नाही. चांगली बातमी अशी अंगावर कोसळते हे तिला ठाऊक नव्हतं.

राजाला तिने वाढवलं होतं ते चार दिवसांच्या पाहुण्यासारखं. ती दिवसभर एका लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची, सुजलेल्या पायांनी घरी यायची आणि त्याच्या वाफेच्या मशीनची नळी न् मास्क धुवायची, गोळ्या हातावर ठेवायची, कफ सुटावा म्हणून पाठीवर थापट्या मारायची. त्याने कधी पेला विसळला नाही की ओरडा खाल्ला नाही. त्याच्या वाटचा ओरडाही थोरल्या बहिणीनेच खाल्ला. ती त्याला राजेसाहेब म्हणायची, आणि ते काही कौतुकाने नव्हे. शाळा संपल्यावर त्याला लिफ्टदुरुस्ती शिकायची होती. कोर्स तीन वर्षांचा. कशाला डोक्याला ताप, आराम कर, असं म्हणून आईने तो विषयच मिटवून टाकला. तीन वर्षं तिला फार लांबची वाटली होती.

आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी सगळं राजालाच विचारलं. गोळ्या कोणत्या घेतोस? पांढऱ्या, तो म्हणाला. किती? त्याने आईकडे पाहिलं. मास्क कसा साफ करतोस? पुन्हा आईकडे. पुढे काय करायचं ठरवलंयस? या वेळी आई जमिनीकडे बघत होती.

"हा किती जगेल?" तिने एकदम विचारलं. राजाच्या देखत.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. नेमकं कोणालाच सांगता यायचं नाही, त्या म्हणाल्या. फुप्फुसं किती टिकतात त्यावर आहे, आणि ती जपणं आता बरंचसं त्याच्या हातात आहे. "पण मी औषधं ठरवते ती हा चाळिशी बघेल असं धरून. तुम्ही काय धरून चालला होतात?"



बसस्टॉपवर राजा तोंडावरच्या मास्कच्या आडून म्हणाला, "म्हणजे तुला वाटत होतं मी जाणार. म्हणून तू मला कधी ओरडली नाहीस."

"हो."

"ताईला माहीत होतं?"

"हो."

आजवर तो स्वतःला आईचा लाडका समजत होता. बस आली तेव्हा तो तिच्याशेजारी बसला नाही, पुढच्या सीटवर जाऊन बसला. तिला त्याची मान तेवढी दिसत होती. चांगली रुंद, पुरुषाची मान. ती कधी अशी झाली ते तिला आठवेना, आणि ती सबंध वाटभर आवाज न करता रडली.

घरी येताच राजा भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडला. सकाळची नळी न् मास्क बेसिनमध्ये तसाच पडला होता. ती सवयीने पुढे झाली, नळ सोडला, आणि बंद केला.

"ऊठ. हे तू धू."

"उद्या."

"उद्या नाही, आत्ता. घोड्याएवढा झालास. मी मेल्यावर कोण धुणार आहे तुझं? आणि सोमवारी त्या लिफ्टच्या कोर्सची चौकशी करून यायचं. एकट्याने. तीन वर्षांचा असू दे नाहीतर दहा."

कपड्यांच्या घड्या घालणारी बहीण हातातली घडी तशीच धरून बघत राहिली. मी मेल्यावर, मी मेल्यावर, असं आया उठता-बसता म्हणत असतात. या घरात ते आज पहिल्यांदाच कोणी म्हणालं होतं.

राजा उठून बसला. आईकडे टक लावून पाहत राहिला. मग बेसिनपाशी गेला आणि इकडेतिकडे बघत उभा राहिला.

"साबण कुठे असतो?"

"शोध," ती म्हणाली, आणि खुर्चीवर बसली.