न वाचलेले मुखत्यारपत्र

आप्तांवर विश्वास ठेवणे हा गृहस्थाचा धर्म आहे, आणि आपल्या नावाच्या कागदाची जबाबदारी घेणे हाही त्याचाच धर्म आहे. एक पाळताना दुसरा सुटला, की सज्जनाच्या घरातही अनर्थ शिरतो.

केंदूरच्या कोंडिबांचे असेच झाले. जमिनीच्या मोजणीसाठी शिरूरच्या खेपा त्यांच्या गुडघ्यांना झेपेनात. कुरकुंभच्या कारखान्यात नोकरीस असलेला पुतण्या गोकुळ म्हणाला, "आबा, एकदाच येऊन सही करा. म्होरचं मी बघतो."

लेखनिकाने मुखत्यारपत्राच्या तयार नमुन्यात नावे भरली. 'वाचून दाखव' हे शब्द कोंडिबांच्या ओठांपर्यंत आले होते. परंतु भावकीत कागद वाचायला मागणे म्हणजे संशय घेणे, अशी त्या घरची रीत! नोंदणी अधिकाऱ्यांनी विचारले, "मजकूर मान्य आहे ना?"

"व्हय साहेब. घरचंच पोर हाय."

चार महिन्यांनी विहिरीकडच्या दीड एकरात परकी माणसे सिमेंटचे खांब रोवू लागली. त्यांच्या हाती रीतसर खरेदीखत होते. विकणाऱ्याच्या जागी कोंडिबांचे नाव आणि त्यांच्यातर्फे गोकुळची सही. गोकुळचा फोन बंद, त्याच्या दौंडच्या भाड्याच्या खोलीला कुलूप.

कोंडिबांच्या पत्नी साळूबाई कडाडल्या, "बाजारात मेथीची जुडी धा येळा उलटीपालटी करून बघता, आन् वावराचा कागद तेवढा बघवला न्हाई व्हय?"

कोंडिबांनी पेटीतून कागदाची नक्कल काढली.

नोंदणी कार्यालयातून निवृत्त झालेले गावातले नागसेन चष्मा लावून मुखत्यारपत्र वाचू लागले. सहाव्या कलमावर त्यांचे बोट थांबले.

"आबा, इथं विक्रीचाबी अधिकार दिलाय तुम्ही."

"म्या मोजणीपुरतं दिलं हुतं!"

"मनात मोजणी हुती. कागदात सगळंच हाय. त्यानं केलेलं तुम्ही केल्यावाणी धरत्यात."

"मंग वावर गेलंच का?"

नागसेनांनी चष्मा काढला. "फसवणुकीचा दावा लावू. निकाल कवा आन् कसा लागंल, ते मला सांगता येत न्हाई. पर उरलेलं वावर तरी राखू. आधी हे पत्र रद्द करा, रद्दलेखाची नोंदणी करा. गोकुळला नोटीस धाडा, पेपरात जाहीर सूचना द्या."

रद्दलेखासाठी कोंडिबा कसेबसे शिरूरला जाऊन आले. परंतु कोर्टाच्या खेपा कोण घालणार? राहू गावी दिलेली लेक अनुपमा आली. तिच्या नावे नवे मुखत्यारपत्र तयार झाले: केवळ त्या दाव्यापुरते, गट क्रमांक लिहिलेले, मुदत घातलेले, आणि 'विक्रीचा अधिकार नाही' असे स्पष्ट नोंदलेले.

पेन पाहताच कोंडिबांनी हात मागे घेतला. अनुपमाने पेन बाजूला ठेवले.

"आबा, सही मागनं. आधी ऐका."

तिने संपूर्ण कागद वाचला. कोंडिबा खाली मान घालून म्हणाले, "पोरी, राग येणार नसंल तर... परत एकदा वाच."

"राग कशाचा? धा येळा वाचते की!"

विहिरीकडून पहारीचे घाव ऐकू येत होते. ते थांबवणे आता कोंडिबांच्या हाती नव्हते. तरीही त्यांना प्रथमच उमगले: वाचून दाखवायला सांगण्याने नाते तुटत नाही! हेच दोन शब्द त्या दिवशी उच्चारले असते तर!

बंधुभगिनींनो, मुखत्यारपत्र द्यावे लागले, तर कामापुरतेच द्या. आणि घरच्या माणसासमोरही ते मोठ्याने वाचून घ्या.

कोंडिबा-साळूबाईंना न्याय पाहण्याइतके आयुष्य लाभो, अनुपमाचे पाय न थकोत. आणि गोकुळलाही घरी परतण्याची सद्बुद्धी होवो.