थंडीत चालणारी मोटर

"ताई, ही लंगडतेय. अजून जरा आवळा ना."

"आवळली तर संपलंच! इथं लंगडली तरच तिथं चालेल."

तिथं म्हणजे शेजारच्या टाकीत, जिथल्या थंडीपुढे कडाक्याचा हिवाळाही उबदार वाटावा. अशा थंडीत चालणाऱ्या मोटर बनवण्यात ताईंची उभी हयात गेली होती. मोटर बोटाच्या पेराएवढी. चाक नाही, वंगणही नाही, कारण वंगणाचा तिथं दगड होतो. वीज दिली की किंचित लांबणारा एक स्फटिक आणि त्यावर स्प्रिंगने दाबून धरलेली दांडी; स्प्रिंग आवळायला एक स्क्रू. स्फटिक हळूच लांबला की दांडी त्याच्यासोबत सरकते, झटकन आखडला की आहे तिथंच राहते. एकेक पाऊल केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याएवढं. थंडीत धातू आखडून पकड घट्ट होते, म्हणून खोलीत ती ढिलीच सोडायची. किती ढिली, ते ताईंची बोटं जाणत.

त्याच बोटांनी आता दगा दिला होता. कित्येक महिने उजवा हात थरथरत होता. ताईंनी प्रयोगशाळेत काय, घरी नवऱ्यालाही ताकास तूर लागू दिली नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण जुळणी हातची गेली तर आपल्यापाशी उरेल काय?

आज स्क्रू-ड्रायव्हर दोनदा सटकला. पुन्हा सटकता तर स्फटिकाचा कपचाच उडाला असता. स्फटिक चिकटवणारा त्यांचा पन्नाशीचा सहकारी शेजारीच होता. सगळे त्याला डिंक्या म्हणत. त्याने काही न विचारता हात पुढे केला. "द्या इकडे. तुम्ही सांगा, मी फिरवतो."

ताईंनी डाव्या हाताचं बोट दांडीवर टेकवलं आणि डोळे मिटले. "सोड. अजून सोड. बास!"

"ही तर मेलीच की, ताई!"

"असू दे. घाल टाकीत."

दुसऱ्या दिवशी टाकी पुरती थंडावली. दांडीची हालचाल दाखवणारी पडद्यावरची रेघ हलेना. मग रेघेला एक पायरी पडली, तिच्यावर दुसरी, आणि पायऱ्या चढतच गेल्या.

"वा! ताई, तुमच्या हाताला तोड नाही," प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर म्हणाले. "पुढच्या सगळ्या तुम्हीच जुळवायच्या."

डिंक्या मान खाली घालून केबल गुंडाळू लागला. तो काही बोलणार नव्हता, आणि ताई गप्प बसल्या असत्या तरी खपून गेलं असतं.

"हात ह्याचा होता, सर. माझा थरथरतो. पुढच्या ह्यालाच करू द्या. मी शेजारी बसून सांगेन."

"बरं," सर एवढंच म्हणाले. ताईंना हलकंही वाटलं आणि रडूही आलं.

संध्याकाळी नवऱ्याने चहा आणून पुढे ठेवला.

"अहो, एक सांगायचं होतं. माझा हात थरथरतो."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

त्यांनी कप ताईंच्या जवळ सरकवला. ताईंनी कपाकडे पाहिलं. चहा अर्धाच होता. कालही अर्धा होता, परवाही. कित्येक महिने ते अर्धाच कप भरून आणत, तो संपला की उरलेला आणायला पुन्हा उठत, आणि ताई त्यांच्या विसरभोळेपणाला हसत.

"पी," ते म्हणाले, आणि उरलेला आणायला आत गेले.