रेक्झिनच्या खिडक्या

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत, गाडी शिकवणारे. निम्म्या गावाला क्लच आणि ब्रेक यांतला फरक त्यांनी ओरडून ओरडून समजावला होता, आणि उरलेल्या निम्म्याने तो रस्त्याच्या कडेला उभं राहून ऐकला होता. असा आवाज. त्यांच्यामुळे त्यांच्या बायकोलाही सगळे मास्तरीणबाई म्हणायचे. वास्तविक या बाईंनी जन्मात कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. त्या घरी बसून गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायच्या. गाडीत डोळ्यांसमोरचं सगळं यांचं आणि बुडाखालचं माझं, असं त्या स्वतःच सांगायच्या आणि वर हसायच्या.

अशा माणसाच्या मेंदूत एक गुठळी अडकली आणि आवाज गेला. उजवा हात गेला, डावा थरथरता राहिला. डोकं मात्र शाबूत. समोरचं बोलणं कळायचं, पेपर वाचता यायचा, कोण खोटं बोलतंय तेही ओळखू यायचं, फक्त जीभ ऐकत नव्हती. संसारात मास्तरीणबाईंनी नवऱ्याला हजार वेळा 'जरा गप्प बसा हो' म्हटलं असेल. आता ते खरोखरच गप्प बसले, आणि त्या शांततेत बाईंचा जीव गुदमरायला लागला.

मास्तरांना बोलण्याचे व्यायाम द्यायला हॉस्पिटलमधून एक बाई घरी यायच्या. त्यांना या घरात थेरपीबाई असंच नाव पडलं होतं. एके दिवशी त्यांनी एक टॅब्लेट आणला. काचेवर मोठे चौकोन होते आणि प्रत्येक चौकोनात एक चित्र आणि एक वाक्य होतं. चौकोनाला बोट लावलं की टॅब्लेट ते वाक्य मोठ्याने बोलून दाखवायचा, बातम्या देणाऱ्या माणसाच्या आवाजात. थेरपीबाईंनी सगळं लावून दिलं, समजावून सांगितलं, आणि निघताना दारात थांबून हळू आवाजात म्हणाल्या, "काकू, आमच्याकडे असे मोजकेच आहेत आणि वाट बघणारे पुष्कळ. पुढच्या वेळी येईन तोवर काकांना वापरता आला तर हा इथेच राहील. नाहीतर मला दुसऱ्या कुणाला तरी द्यावा लागेल."

त्या दिवशीच्या सगळ्या बोलण्यातलं मास्तरीणबाईंच्या लक्षात राहिलं ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर टॅब्लेटने आपल्या मनानेच स्वतःला अपडेट करून घेतलेलं, आणि आता तो या घरातल्या कुणालाच ओळखायला तयार नव्हता. त्याने भाषा विचारली. पासवर्ड मागितला, आणि दिलेला पासवर्ड फारच सोपा आहे म्हणून नाक मुरडलं. मग पानंच्या पानं अटी दाखवून त्या मान्य आहेत का ते विचारलं. लग्नातसुद्धा मला एवढं कुणी विचारलं नव्हतं, असं पुटपुटत बाईंनी सगळं मान्य करून टाकलं. तरी एक वर्तुळ आपलं फिरतच राहिलं.

शेवटी परगावी असलेल्या मुलाला फोन लावला. मुलगा म्हणाला, वर उजवीकडे दातेरी चाकाचं चिन्ह दिसेल ते दाब. बाई म्हणाल्या, उजवीकडे काही नाही. तो म्हणाला, असायलाच पाहिजे. त्या म्हणाल्या, मग तू ये आणि शोध. दोघांनीही बराच वेळ एकमेकांच्या अकलेची मापं काढली, आणि ते चाक खाली डावीकडे सापडलं. चौकोन परत आले तेव्हा बाईंचा जीव भांड्यात पडला.

पण खरं घोडं पुढेच अडलं. मास्तरांचा डावा हात चौकोनाच्या दिशेने निघायचा, वाटेत थकायचा, आणि तळवा काचेवर टेकायचा. काचेला तळवा काय आणि बोट काय, सगळं सारखंच. लगेच पान सरकून भलतंच काहीतरी समोर यायचं. बोट थरथरलं की एकच वाक्य लागोपाठ तीनदा ऐकू यायचं. बोट जरा रेंगाळलं तर काचेला वाटायचं, यांना हा चौकोन बदलायचा दिसतोय, आणि 'हे वाक्य काढून टाकायचं का?' अशी पाटी झळकायची. ती पाटी घालवण्याच्या धडपडीत मास्तरांनी 'मला पाणी हवं आहे' हे वाक्यच पुसून टाकलं. तहान तशीच राहिली.

गाडीतल्या बटणांवर हात ठेवून खुशाल बसता येतं, दाबल्याशिवाय ती काही करत नाहीत. इथे टेकलं की दाबलं. मास्तरांनी टॅब्लेट कोपराने ढकलून दिला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. गाडी शिकायला आलेल्या कितीतरी जणांना त्यांनी असं हताश होताना पाहिलं असेल. स्वतः कधी झाले नव्हते. बाईंना ते बघवेना.

मुलाने फोनवर सल्ला दिला, बाबांना सांग की अलगद टच करायचं. बाईंचा पारा चढला. "अरे, हात टेकल्याशिवाय त्यांना बोट उचलता येत नाही," त्या म्हणाल्या. "आणि टेकायला त्यात जागाच नाही."

हे म्हणून झाल्यावर मात्र त्यांची नजर शिलाई मशिनकडे गेली. टेकायला जागा करणं हाच तर त्यांचा धंदा होता.

त्यांनी शिलाई मशिनजवळचा काळ्या रेक्झिनचा तुकडा उचलला, टॅब्लेटवर पसरला आणि प्रत्येक चौकोनाच्या जागी खडूने खूण करून खिडकी कापली. पहिला प्रयत्न फसला. रेक्झिन पातळ, त्यातूनही काचेला तळवा कळत होता. मग त्यांनी दोन थरांच्या मध्ये जाड पुठ्ठा घातला, खिडक्यांच्या कडा दुमडून शिवल्या आणि सीट कव्हरला लावतात तसं चार कोपऱ्यांना इलॅस्टिक लावलं. झाकण टॅब्लेटवर घट्ट बसलं. बोट रेंगाळलं तरी पाटी येऊ नये आणि थरथरलं तरी वाक्य एकदाच बोललं जावं, याची सोय मुलाने फोनवरून त्या दातेरी चाकातच शोधून दिली. या वेळी कुणी कुणाची अक्कल काढली नाही.

बाईंनी 'मला पाणी हवं आहे'च्या जागी नवा चौकोन केला. टॅब्लेटने आपल्याकडचं तयार वाक्य उचलून तिथे 'कृपया मला पाणी द्या' असं घातलं, तेही त्यांनी चालवून घेतलं. मास्तरांनी हात रेक्झिनवर टेकवला. टॅब्लेट गप्प राहिला. मग एक बोट सरकत सरकत खिडकीत उतरलं.

"कृपया मला पाणी द्या," बातम्यांचा आवाज म्हणाला.

बाई धावत जाऊन पाणी घेऊन आल्या. मास्तर प्यायले आणि त्यांनी दुसऱ्या खिडकीत बोट घातलं.

"धन्यवाद."

बाईंच्या हातातून पेला सुटायचाच बाकी होता. इतक्या वर्षांत या माणसाने त्यांना कधी कृपया म्हटलं नव्हतं की धन्यवाद दिले नव्हते, आणि त्यांचं त्यावाचून काही अडलंही नव्हतं. दुसऱ्याचा शर्ट घालायला लागावा तसा मास्तरांचा चेहरा झाला होता. नंतर दोन दिवस त्यांनी टॅब्लेटकडे ढुंकून पाहिलं नाही. आता हाताची अडचण नव्हती, तरीही. पाणी हवं असलं तर ते नुसते पेल्याकडे बघायचे.

बाईंना आधी राग आला. एवढी डोळेफोड करून झाकण शिवलं आणि हे रुसून बसले. मग त्यांनी ती सगळी वाक्यं स्वतःच एकदा वाजवून ऐकली. 'मी आनंदी आहे.' 'मी दुःखी आहे.' 'कृपया मला मदत करा.' घरात कुणी परका, सभ्य भाडेकरू राहायला आल्यासारखं वाटलं. मास्तर यातलं एक वाक्य तरी आपणहून बोलले असते का?

त्या टॅब्लेट घेऊन पलंगाशी बसल्या. "हे सगळं पुसते," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय म्हणता ते मला पाठ आहे. मी एकेक म्हणून दाखवते. हवं असेल तर भुवई उचला."

मग त्या नवऱ्याची नक्कल करत एकेक वाक्य म्हणायला लागल्या. 'ऐकतेस का?' भुवई वर. 'घाई काय आहे?' वर. 'पंखा कुणासाठी चालू ठेवलाय?' लगेच वर. 'तुला सांगून उपयोग नाही.' इथे मास्तरांनी मान हलवली, नको. बाई म्हणाल्या, असू दे, लागेल. त्याशिवाय भांडणार कसे? मास्तरांचं तोंड एका बाजूने हसलं. आजारपणानंतर पहिल्यांदाच.

पुढचे काही दिवस घर कसं पुन्हा नांदतं झालं. बातम्यांचा आवाज ऐकतेस का म्हणायचा आणि बाई स्वयंपाकघरातून खणखणीत आवाजात ऐकत नाही म्हणून सांगायच्या. आता थेरपीबाई खुशाल येऊ देत, असं त्यांना वाटायला लागलं.

आणि मग मास्तर एका कोपऱ्यावर बोट आपटायला लागले. त्या कोपऱ्यात बाईंनी मुद्दाम खिडकी ठेवली नव्हती. तिथून अक्षरांचं पान उघडायचं. बारीक बारीक अक्षरांची ती दाटी बघूनच, हे यांना जमणार नाही म्हणून, बाईंनी पहिल्या दिवशी हात टेकले होते. पण मास्तर पुठ्ठ्यावर टकटक करतच राहिले. बाईंना वाईटच वाटलं. या माणसाचं सगळं बोलणं आपण भरलंय, असा त्यांचा हिशेब होता. आता आणखी काय राहिलं? त्यांनी तसं विचारलंसुद्धा. मास्तर डोळ्यांत डोळे घालून टकटक करत राहिले.

तेव्हा त्यांनी दुसरं झाकण कापायला घेतलं, तेही कुरकुरत. एवढ्याएवढ्या खिडक्या, ब्लेडने कापायच्या. कडा वाकड्या झाल्या, एके ठिकाणी ब्लेड घसरून दोन अक्षरांची मिळून एकच खिडकी झाली. शेवटचं इलॅस्टिक शिवून दोरा तोडला, आणि तेवढ्यात दारावरची बेल वाजली. थेरपीबाई आल्या होत्या.

पहिलं झाकण बघून थेरपीबाईंनी ते उलटसुलट फिरवून पाहिलं, खिडक्यांमधून बोट घालून पाहिलं. मग मास्तरांसमोर खुर्ची घेऊन बसल्या आणि विचारलं, "काय काका, कसं काय?"

मास्तरांनी कुठल्याच खिडकीत बोट घातलं नाही. त्यांनी हनुवटीने दुसऱ्या झाकणाकडे खूण केली.

ज्याची एकदाही तालीम झालेली नाही तेच नेमकं आज कशाला? बाईंनी मास्तरांच्या कानाशी लागून विनवलं, अहो, रोजचे चौकोन दाबा ना, नाहीतर त्या हा घेऊन जातील. मास्तरांनी डाव्या हाताचं एक बोट उभं केलं. शिकाऊ माणसाला गप्प बसवताना करायचे तसंच. बाईंनी मुकाट्याने अक्षरांचं पान उघडलं आणि झाकण बदललं.

मास्तर लिहायला लागले. एक अक्षर यायचं, दोन चुकायची, ती पुसली जायची. बोट रेक्झिनवर विसावायचं आणि पुन्हा निघायचं. थेरपीबाईंची बॅग मांडीवर उघडीच होती. मास्तरांच्या कपाळावर घाम आला, बाईंनी तो पुसला नाही. हात मध्ये आला असता. कितीतरी वेळाने ते थांबले, त्यांनी सगळं एकदा वाचून पाहिलं आणि शेवटची खिडकी दाबली.

बातम्यांचा आवाज अगदी शांतपणे म्हणाला, "नळ सोडून रडू नकोस. पाणी वाया जातं. इथे बसून रड."

मास्तर हॉस्पिटलमधून घरी आल्यापासून मास्तरीणबाई रोज बाथरूममध्ये जाऊन, नळ पूर्ण सोडून रडत होत्या. पाण्याच्या आवाजात कुणाला काही कळत नसेल, अशी त्यांची समजूत होती. आणि हा माणूस भिंतीकडे तोंड करून सगळं ऐकत पडला होता.

"ऐकू येत होतं," त्या भडकून म्हणाल्या, "तर मग एवढे दिवस बोलला का नाहीत?"

म्हणून झालं आणि आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. मास्तरांच्याही आलं. आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट, मग ते वाकडं तोंड भरून हसायला लागले. बाईंना हसूही आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना. त्या तिथेच बसून दोन्ही करत राहिल्या.

थेरपीबाईंनी बॅगची चेन लावली. हा आता इथेच राहू दे, असं त्या म्हणाल्या, पण त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मास्तरांचं बोट पुन्हा खिडक्यांवरून फिरायला लागलं होतं. बायकोने प्रश्न विचारला होता आणि उत्तर बरंच लांबलचक दिसत होतं. मास्तरीणबाईंनी पदराने डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि त्या वाट बघत बसल्या.