दवंडी पोहोचेल तेवढं नगर

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. गाडीवर बांधतात तसला मोठा नव्हे. हातात धरून बोलायचा, सेलवर चालणारा. मला स्वतःचा आवाज नाही, म्हणून स्वतःबद्दल सांगताना अडखळायला होतं. सांभाळून घ्या.

इथे आखातात, हमरिया भागातल्या एका दुकानात मी खेळण्यांच्या वर टांगलेला होतो. तिथून २०१२ साली शिरीषरावांनी मला मंडळासाठी आणलं. जवळच्याच दार्सैत वस्तीतल्या मराठी कुटुंबांचं ते मंडळ. शिरीषराव त्याचे अध्यक्ष. पेशाने इंजिनिअर, वाचन अफाट, आवाज अगदी बारीक. मी आल्यावर त्यांचं बोलणं लोकांना पहिल्यांदा धड ऐकू आलं. "अध्यक्षांपेक्षा भोंगा बरा," असंही कोणी म्हणालं. मग हळदीकुंकू असो की मुलांच्या शर्यती, माझ्यावाचून अडायचं. माझा तो काळ बरा गेला.

पुढे दयानंदने सभासदत्व मागितलं. तो कुडाळकडचा, हमरियात राहणारा एसी मेकॅनिक. बायको रखमाबाई गावी. सणाला आपल्या माणसांत पंगतीला बसता यावं, एवढंच त्याचं आणि त्याच्या खोलीतल्या सोबत्यांचं म्हणणं. पण मंडळ पहिल्यापासून फक्त कुटुंबांचं.

शिरीषरावांच्या हॉलमध्ये बैठक झाली. मी कपाटावरून ऐकत होतो.

"आदर्श नगर लहानच असावं, असं प्राचीन ग्रीक विचारवंत मानत," शिरीषराव म्हणाले. "लोक एकमेकांना ओळखणारे हवेत. दवंडीवाल्याचा आवाज पोहोचेल तेवढंच नगर. आणि हाताने काम करणाऱ्यांना कारभाराला सवड नसते, म्हणून त्यांना नागरिक करू नये, असंही ते म्हणत."

"म्हणजे एसी बंद पडला की दयानंद आत आणि सहल निघाली की बाहेर?" त्यांच्या पत्नी कल्पनाताईंनी विचारलं.

"मी नाही म्हणत, ग्रीक म्हणतात."

"त्या नगरात परदेशातून पोटासाठी आलेल्यांना मान होता?"

"राहता यायचं. नागरिक होता यायचं नाही."

"मग अहो, आपण तरी कुठे बसलो असतो?"

त्यावर कोणीतरी चहा मागितला. रुस्ताक गावी सहल निघणार होती, तिथे सभासदत्वाबद्दल सगळ्यांना विचारायचं ठरलं. दयानंदला आणि त्याच्या सोबत्यांना पाहुणे म्हणून बोलावलं.

अलीकडे कार्यक्रम थंडावले होते, त्यामुळे मला मात्र वर्षभर कोणी हात लावला नव्हता. सेल आतच राहिले, पाझरले आणि माझ्या स्प्रिंगा गंजून गेल्या. रुस्ताकला खजुरीच्या सावलीत चटया पसरल्या. शिरीषरावांनी मला तोंडाशी धरलं, बटण दाबलं. मी गप्प. त्यांनी थोपटलं, झटकलं. मी गप्पच.

मग ते नुसत्या आवाजात बोलू लागले. पहिल्या चटईपलीकडे काही पोहोचेना.

"तुमचं नगर एका चटईचं झालं," कल्पनाताई म्हणाल्या.

शिरीषराव कानापर्यंत लाल झाले. मला काखेत धरून ते उठले आणि चटया ओलांडत थेट मागे गेले, दयानंदच्या मंडळींपाशी.

"बसा भाऊ," दयानंद सरकून म्हणाला. "'नाय' म्हणून सांगूक इलात ना? ता जेवल्यार सांगा. आधी वडे खावा."

शिरीषराव बसले. वडा हातात घेतला. नकाराची वाक्यं त्यांनी घरी माझ्यासमोर म्हणून पाहिली होती, ती मला पाठ होती. त्यातलं एकही त्यांनी उच्चारलं नाही. वडा संपवला, तिथेच उभे राहिले आणि हात वर केला.

"कशाला हात?" पुढून कोणीतरी ओरडलं.

"यांना सभासद करून घ्यायला," कल्पनाताईंनी पुढच्या चटईवर सांगितलं. त्या चटईने पलीकडच्या चटईला सांगितलं. सगळे हात वर झाले नाहीत, पण पुरेसे झाले.

मित्रांनो, मी पुन्हा बोललो नाही. भोंगा ठेवून देताना त्याचे सेल काढून ठेवत जा, एवढी माझी विनंती. आणि तरीही तो ऐन वेळी बंद पडला, तर जागेवरून ओरडू नका. उठून मागच्या चटईपर्यंत जा.