दोन मुलांच्या आईची बंगई

मित्रांनो, मी सौंसरमधली एक जुनी बंगई आहे. परगावचे लोक मला झोपाळा म्हणतात, म्हणोत बापडे. लोधीखेड्याच्या सुताराने सागाच्या फळीतून मला घडवलं आणि गुणवंतराव मास्तरांनी ओसरीत टांगलं. तेव्हापासून माणसं जोखणं हाच माझा धंदा. लग्नाचं बोलायला आलेला काठावर टेकतो, चुगली करायला आलेला ऐसपैस मधोमध बसतो. मास्तरांचा अंकुर मात्र कधी बसलाच नाही. उभ्यानेच झोके घ्यायचा. "कड्या तुटतील!" म्हणून त्याची आई, नलिनीबाई, ओरडायची. मला ते झोके फार आवडायचे, खोटं कशाला बोलू?

तोच अंकुर मोठा झाला आणि चोरीच्या मोटारसायकली विकताना पकडला गेला. जेलमध्ये गेला. संत्र्याच्या बागेतून परतताना हमखास टेकणारी मंडळी आता रस्त्यावरूनच "बरं हाय ना मास्तर?" विचारून उत्तराआधी सटकू लागली. मास्तरांनी पोराचं नाव घेणंच सोडलं. भेटीला नलिनीबाई एकट्या जात, तोंडावर पदर ओढून, पहिल्या बसने. माझ्या कड्यांना गंज चढला.

एके दुपारी नागपूरहून मृणाल नावाची मुलगी आली. मूल तुरुंगात गेलं की मागे आईबापांचं काय होतं, यावर ती संशोधन करत होती. ती सरळ माझ्यावरच येऊन बसली. मी आनंदाने करकरले.

"काका, मुलं किती तुम्हाला?"

"एकच. हिमानी. बोरगावला दिली."

शेजारी बसलेल्या नलिनीबाईंनी पाय टेकवून मला थांबवलं.

"दोन," त्या म्हणाल्या. "पोरगी हिमानी अन् पोरगा अंकुर. लिहा बाई."

"काहून सांगून राहिली तू?" मास्तर कुजबुजले.

"मंग? जित्या पोराले मोजून नाही राहिले तुमी! अन् म्हणे गणिताचे मास्तर!"

मास्तर उठून आत गेले. मृणालने हळूच विचारलं, "काकू, तुम्हाला काही विचारायचंय?"

"हो. जेलातल्या बाकीच्या पोरांच्या आया भेटल्या असतील ना तुमाले? एखादीशी गाठ घालून देता का? सल्ला नाही पाहिजे मले. नुसतं अंकुरचं बोलायचं हाय."

"नाव नाही सांगता येणार. पण त्यांना विचारून पाहते."

मग सुरू झालं वाट पाहणं. नलिनीबाई रोज संध्याकाळी माझ्या एका टोकाला बसायच्या, दुसरं टोक मोकळं ठेवून. एकीकडेच भार पडला की मी तिरपी झुलते. तशीच झुलत राहिले.

अखेर पांढुर्ण्याहून रजनीबाई आल्या. त्यांचाही पोरगा आतच. त्या माझ्या मोकळ्या टोकाला टेकल्या.

"तुमचा जेवते का तिथं?" नलिनीबाईंनी विचारलं.

"जेवते? वजन वाढवून बसला मेला! घरी प्रत्येक भाजीले नाक मुरडे!"

दोघी इतक्या हसल्या, की शेजारच्या खिडकीचा पडदा हलला. आतून मास्तर चहा घेऊन आले. कप ठेवून तिथेच घुटमळले. मग रजनीबाईंना म्हणाले, "आमचा अंकुर चहा नाही घेत. त्याले दूधच लागते."

मित्रांनो, माझी काळजी म्हणाल तर थेंबभर तेल पुरे. पण ज्या घरचं पोर आत आहे, त्या घरी हवापाण्याच्या गप्पा मारू नका. पोराचं नाव घ्या. पुढचं आईबाप आपणहून बोलतात.